मोटर, स्टार्टर, केबल आणि मदरबोर्ड

इंदापूर तालुक्यात विहिरीवर मोटर बसवायची असली की शेतकरी सगळं सामान एकाच कंपनीचं मागत नाही. मोटर एका कंपनीची, स्टार्टर दुसऱ्या, केबल तिसऱ्याच, आणि पाइप जवळच्या दुकानात चांगले मिळतील ते. डीपीपासून विहीर किती लांब, यावर केबलची जाडी ठरते. पाणी किती वर चढवायचं, यावर मोटरचे एचपी ठरतात. स्टार्टरमध्ये पैसे वाचवले तर मोटर जळते, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, पण पक्कं ठाऊक असतं. आणि मोटर जळलीच, तर तेवढीच काढून वायंडिंगला जाते. केबल आणि पाइप जागच्या जागी राहतात.

सुटे भाग आणून जोडलेल्या कॉम्प्युटरची रीत अगदी हीच आहे. बारामतीच्या बाजारात त्याला ‘असेंबल पीसी’ म्हणतात. विद्या प्रतिष्ठानच्या किंवा तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या संगणक शाखेत शिकणारा मुलगा, फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणारा दुकानदार, सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले काढून देणारा सेवा केंद्रचालक, ही या यंत्राची नेहमीची गिऱ्हाइकं. दाखल्यांसाठी तालुक्याला दहा हेलपाटे घालण्याचा काळ मागे पडतोय, त्यात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याइतकाच वाटा अशा केंद्रांत दिवसभर घरघरणाऱ्या साध्या कॉम्प्युटरचाही आहे.

असेंबल म्हणजे हमखास स्वस्त, ही समजूत मात्र जुनी झाली. नव्वदच्या दशकात ती खरी होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं संगणक धोरण आणलं आणि कॉम्प्युटर व त्याचे भाग आयात करणं सोपं केलं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या सामानासाठी आधीपासून नावाजलेला होता. तिथे मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दिसू लागल्या. नामांकित कंपन्यांच्या यंत्राची किंमत ऐकून मागे फिरणाऱ्या माणसाला त्याच ताकदीचं यंत्र बरंच कमी पैशात जोडून मिळायचं. पुढे २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी नेला, आणि माउस म्हणजे काय हे तालुक्याच्या गावातल्या हजारो मुलामुलींना पहिल्यांदा तिथे कळलं.

आज मोठ्या कंपन्या लाखाच्या संख्येने भाग उचलतात, त्यामुळे अगदी साध्या यंत्राच्या बाबतीत त्यांचा तयार डेस्कटॉप सुट्या भागांच्या बेरजेइतक्याच किमतीत, कधी त्याहून कमी किमतीतही मिळतो. त्यात विंडोजचा परवानाही धरलेला असतो. मग जोडायचं कशाला? कारण तयार यंत्रात पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे कंपनी ठरवते. पुष्कळदा त्यातला मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय खास त्या मॉडेलच्या मापाचा असतो. वॉरंटी संपल्यावर तो गेला, तर बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. एका भागासाठी सगळा डबा भंगारात, असं होतं. जोडलेल्या यंत्रात मोटर तेवढी काढून वायंडिंगला नेता येते. बारामती-इंदापूरसारख्या ठिकाणी ही सोय पाच-दहा टक्के बचतीपेक्षा मोठी आहे.

वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेले भाग एकमेकांत बसतात तरी कसे? इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कामगाराला हा प्रश्न पडणार नाही. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या या गावच्या कारखान्यातून इस्रोच्या रॉकेटच्या मोटरचे आवरणभाग जातात, आणि ते दूर केरळात वा श्रीहरिकोट्यात दुसऱ्यांनी केलेल्या भागांशी जुळतात. कारण ड्रॉइंग एक असतं. कॉम्प्युटरचं असं समान ड्रॉइंग १२ ऑगस्ट १९८१ ला बाजारात आलेल्या आयबीएम पीसीपासून घडत गेलं. आयबीएमला घाई होती. वर्षभरात यंत्र उभं करायचं म्हणून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, बाकी भागही बाजारात मिळणारेच वापरले, आणि यंत्राची तांत्रिक माहिती छापून प्रसिद्ध केली. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं त्यात मुख्यतः बायोस होतं, यंत्र सुरू होताना पहिल्यांदा चालणारा छोटा प्रोग्राम. कॉम्पॅक या नव्या कंपनीने तो न चोरता, त्याचं काम पाहून, तसाच वागणारा दुसरा लिहून घेतला. त्यानंतर आयबीएमसारखी यंत्रं कोणीही बनवू लागलं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवलं: बोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठे, वीज कोणत्या जोडणीतून येणार. आज बारामतीत कॅबिनेट घ्या आणि पुण्याहून मदरबोर्ड आणा, नऊ स्क्रूची भोकं समोरासमोर येतात ती त्या मापामुळे. स्वस्त यंत्रांत नेहमी लागणारा मायक्रो एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद असतो.

आता भाग. आपल्याकडे सगळ्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत पडली आहे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, तळहातावर मावतो. कमी पैशात जोडायचं असेल तर ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे असा प्रोसेसर घ्यावा, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा त्यातला नावाजलेला. २०२१ मध्ये आलेला, सहा कोरचा, ६५ वॅटचा, आणि खोक्यातच पंखा मिळणारा. इंटेलकडे आय३ १२१०० आहे. इंटेल घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. दोन-चार पैसे वाचले म्हणून ‘एफ’चा प्रोसेसर आणायचा आणि घरी स्क्रीन काळीच राहायची, ही चूक होते, आणि दुकानदार खोकं उघडल्यावर तो परत घेईलच असं नाही.

मात्र प्रोसेसरपेक्षाही यंत्राचा वेग जाणवतो तो माहिती साठवण्याच्या भागामुळे. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडे राहणाऱ्यांना हे उदाहरणाने लगेच पटेल. वीर धरणातून कितीही पाणी सोडा, शेवटची चारी अरुंद आणि गाळाने भरलेली असेल तर वावरात पाणी रखडतच येणार. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक बारीक काटा इकडून तिकडे धावत माहिती शोधतो. सेकंदाला शंभर-दीडशे वेळा शोधलं की त्याची धाव संपते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. ती हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. म्हणून ‘कॉम्प्युटर फार हँग होतो’ या तक्रारीवर बहुतेक वेळा नवा कॉम्प्युटर हा उपायच नसतो. दहा वर्षांच्या यंत्रातली हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तरी ते नव्यासारखं उघडतं. हे एकच काम आधी करून पाहावं, आणि मग खर्चाचा विचार करावा.

रॅमच्या बाबतीत चारीचं उदाहरण आणखी नेमकं लागू पडतं. पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर चित्रासाठीही हीच रॅम वापरतो. १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घेतल्या, तर दोन चाऱ्यांनी पाणी येतं आणि फरक दिसतो. पट्टी घेताना बोर्ड डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, हे पाहायलाच हवं. दोन्हींना २८८ पिनाच असतात, लांबीही तीच. फक्त मधली खाच वेगळ्या जागी असते. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये. ती पट्टी त्या बोर्डाची नाही.

हिशेब असा बसायचा. २०२५ च्या मध्यापर्यंत ५६००जी साधारण अकरा-बारा हजारांना, त्याला चालणारा साधा मदरबोर्ड पाच-सहा हजारांना, १६ जीबी डीडीआर४ रॅम तीन हजारांच्या आसपास, ५०० जीबीची एसएसडी तितक्यालाच, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय अडीच-तीन हजारांना आणि कॅबिनेट दोन हजारांना. डब्याचे सत्तावीस ते एकोणतीस हजार झाले. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड आणि माउस धरून चाळीस हजारांच्या घरात आकडा जायचा.

मग रॅम महागली. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत तिची किंमत दुपटीच्या पुढे गेली, आणि त्याचं कारण बारामतीकरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्यासोबत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रयोग केला. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं यांवरून पाणी-खत कधी द्यायचं, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्य नडेला यांनी या प्रयोगाचं कौतुक केलं, तेव्हा बारामतीचं नाव जगभर गेलं. पण ही बुद्धी वावरात राहत नाही. जगभरच्या अशा सगळ्या कामांसाठी प्रचंड डेटा सेंटर उभी राहत आहेत आणि त्यांना मेमरी चिप अमाप लागतात. या चिप मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी आपली ताकद जास्त पैसे देणाऱ्या डेटा सेंटरकडे वळवली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरचा कॉम्प्युटर जोडणारा विद्यार्थी आता नकळत या डेटा सेंटरवाल्यांशी एकाच बाजारात बोली लावतो आहे. अशा वेळी तोडगा एकच: आत्ता आठ जीबीची एक पट्टी घ्यावी, दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा आणि भाव उतरला की दुसरी पट्टी घालावी. तयार लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असेल, तर ही मुभा राहत नाही.

मुभेचं आणखी एक उदाहरण. एएमडीचा रायझन २०१७ मध्ये आला तो एएम४ सॉकेटवर. २०१८ मध्ये बी४५० बोर्ड घेतलेल्या माणसाला बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर २०२१ चा ५६००जी बसवता आला. तीन वर्षांनी नवा प्रोसेसर. डबा, वायरी, पॉवर सप्लाय जुनेच.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पॉवर सप्लायकडे. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. स्वस्त कॅबिनेटसोबत कधी कधी तो फुकट मिळतो, वर ‘४५० वॅट’ असं चिकटवलेलं असतं, आणि हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. आतलं तांबं, उष्णता ओढणारं ॲल्युमिनियम आणि संरक्षणाचे भाग वाचवले, की वजन कमी होतं. शहरातल्या सोसायटीत तोही काही वर्षं चालून जाईल. वस्तीवर नाही चालत. तिथे शेतीपंपांची लाइन सुरू झाली की व्होल्टेज खाली बसतं, एकदम सगळ्या मोटारी बंद झाल्या की उसळतं, आणि पहिल्या वळवाच्या पावसात तर विचारायलाच नको. या भागात कॉम्प्युटर जोडणाऱ्याने प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण ‘८० प्लस’चा शिक्का असलेला नामांकित पॉवर सप्लाय आणि ६०० व्हीएचा यूपीएस यांत काटकसर करू नये. स्टार्टरमध्ये पैसे वाचवले तर मोटर जळते, हाच नियम इथेही आहे. असं यंत्र कार्यालयीन कामात, मॉनिटरसकट, साधारण ७० ते ८० वॅट खातं. लाइट गेल्यावर काम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ हा यूपीएस आरामात देतो.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार खेड्यापाड्यांतून सर्रास ऐकू येते. त्याचं कारण बिघाड असतोच असं नाही. पॉवर सप्लायच्या तोंडाशी, विजेतला कचरा गाळण्यासाठी, दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून अर्थकडे आणि दुसरा न्यूट्रलपासून अर्थकडे. अर्थ जोडलेला असेल तर गाळलेला कचरा जमिनीत जातो. तिसऱ्या पिनेमागे तारच नसेल, तर तो सगळा पत्रा २३० व्होल्टच्या अधेमधे, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला इजा होत नाही, पण प्रिंटर किंवा अंगठ्याचं मशीन जोडताना यूएसबी पोर्ट याच कारणाने जाऊ शकतात. घराबाहेर मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो. आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी त्यात ओतलं की झिणझिण्या कमी होतात. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्यायला फार खर्च येत नाही.

जोडायला तास-दोन तास पुरतात. एक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, चांगला उजेड आणि सतरंजी नसलेलं टेबल एवढीच तयारी. कोरड्या हवेत अंगातल्या टेरिकॉटवर साठलेली स्थिर वीज चिपला मारू शकते, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर बसवायचा. सॉकेटची तार बाजूला सारून वर उचलायची, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि नुसता सोडायचा. दाबायचं काहीही नाही. एएम४ मध्ये प्रोसेसरच्याच पोटाला १३३१ बारीक पिना असतात. त्रिकोण जुळला तर तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो, आणि बसल्याचं बोटांना कळतं. मग तार खाली. पंख्याला पेस्ट आधीच लावलेली नसेल तर प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. रॅमला मात्र जोर लागतो. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर कडेची खिटी ‘टक्’ करून मिटते, तोवर ती बसलेली नसते.

बोर्ड कॅबिनेटमध्ये जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: मागची पोर्टांची पट्टी लावली का, आणि पितळी स्टड फक्त बोर्डाच्या भोकांखालीच आहेत का. चुकीच्या जागी राहिलेला एक स्टड बोर्डाच्या पाठीला टेकला की शॉर्ट होतो. नंतर मोठी २४ पिनांची जोडणी आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची. ही दुसरी पुष्कळांकडून राहते. मग पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही. शेवटी कॅबिनेटच्या बटणाच्या त्या केसासारख्या वायरी, ज्यांची जागा बोर्डाच्या पुस्तिकेतल्या आकृतीत पाहिल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

स्क्रीन उजळली की विंडोजचा प्रश्न येतो. ‘विंडोज मारून देतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ती बहुधा चोरीची असते. विंडोज ११ चा अधिकृत परवाना दहा हजारांच्या आसपास जातो, म्हणजे डब्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऑफिसातून निघालेली सहाव्या-सातव्या पिढीची जुनी यंत्रं सध्या स्वस्तात विकायला येतात. अभ्यास, टायपिंग, इंटरनेट आणि प्रोग्रामिंग शिकणं एवढंच काम असेल तर लिनक्स पूर्ण पुरेसं आहे. ते फुकट मिळतं, त्यावर मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालतो, आणि सी-डॅकने बनवलेली बॉस ही भारतीय भाषांसाठीची आवृत्तीही आहे. फ्लेक्सवाल्याला कोरलड्रॉ हवं आणि सेवा केंद्राच्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुधा विंडोजवरच चालतं. त्यांनी परवान्याचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावेत.

वॉरंटी प्रत्येक भागाची निराळी असते. प्रोसेसर आणि मदरबोर्डला साधारण तीन वर्षं, एसएसडीला तीन ते पाच, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्या पॉवर सप्लायलाही तितकी. पण कंपन्यांची सर्व्हिस सेंटर बहुतेक पुण्यात. बारामतीहून ते शंभर किलोमीटर, इंदापूरहून एकशेचाळीसच्या आसपास. गेलेला भाग देऊन यायचा एक दिवस आणि आणायचा दुसरा. म्हणून शे-दोनशे रुपयांच्या फरकासाठी सगळंच ऑनलाइन मागवण्यापेक्षा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय तरी गावातल्या अशा दुकानातून घ्यावा, जिथला माणूस बिघडलेला भाग आपल्या पार्सलबरोबर पुण्याला पाठवतो. बिल जीएसटीचं असावं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. खोकी माळ्यावर ठेवावीत. मदरबोर्डच्या खोक्यात सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण आठवणीने टाकावं. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्येच असतात, आणि झाकणाशिवाय पाठवलेला बोर्ड वाटेत एक पिन वाकली म्हणून परत येतो.